सुपरवायझरची झोप

अंबिकाला काळजी करायला कारण लागत नसे. लग्न होऊन ती गंगापूरकडच्या गावातून रांजणगावात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला विचारलं होतं, की खोलीला दार एकच आहे, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं. बद्रीनाथ जेवत होता.

"दारातून," तो म्हणाला.

वाळूजच्या कंपन्यांना लागून असलेलं रांजणगाव तेव्हा भराभर वाढत होतं. शेतांवर खोल्यांच्या रांगा उठत होत्या. घरमालक आप्पासाहेब आधी त्याच जमिनीत बाजरी घ्यायचे. आता खोल्या घेत होते, आणि खोल्यांना पाऊस लागत नाही, असं समाधानानं सांगत होते. त्यांच्या रांगेत अंबिकाची एक खोली. तीत ओटा, मोरी, कपाट, टीव्ही, नवरा-बायको आणि तिसरीतली सई. सोळा सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तीत एक पक्षी आला.

पक्षी शेजारच्या सोनियाचा. तिच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि ते दोघं परत सिल्लोडला निघाले. टेम्पोत सगळं सामान चढलं, पिंजरा तेवढा खाली राहिला.

"आठ दिवस ठेवा, ताई. आमचं बस्तान बसलं की नेते," सोनिया म्हणाली.

"खातो काय?"

"काय बी खातो."

"आणि आजारी पडला तर?"

"नाय पडत. लई कडक हाय."

आठ दिवसांनी सोनियाचा फोन लागेना. पुढेही तो कधी लागला नाही.

पक्षी म्हणजे मुठीत मावेल एवढा हिरवा-पिवळा परदेशी पोपट. दुकानदार त्याला लव्हबर्ड म्हणून विकतात. त्याची जोडीदारीण आधीच गेली होती आणि त्याच्यात प्रेम असं काही शिल्लक दिसत नव्हतं. पिल्लू असताना कुणी हातावर घेतलेला नाही, आता वयात आलेला. बोट आत घातलं की चावायचा आणि काढलं की ओरडायचा. स्वतः काडीचं काम करत नाही, पण दिवसभर वर बसून सगळ्यांवर ओरडतो, म्हणून बद्रीनाथनं त्याचं नाव सुपरवायझर ठेवलं. सईला राजकुमार हवं होतं. ते चिकटलं नाही.

अंबिकानं मात्र त्याला मनावर घेतलं. बाजरी आणि राळं निवडून द्यायची. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून चोचीला घासायला टांगला. सई तान्ही असताना जशी तिची दुपटी बघायची, तशी ती रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाचा पेपर उजेडात धरून बघायची आणि पक्ष्याचं पोट बरं आहे की नाही ते ठरवायची. त्याला वाटीतली आंघोळ पसंत नव्हती. ओल्या कोथिंबिरीत लोळायला आवडायचं. सलग दोन वर्षं पाऊस पडला नव्हता, टँकर एक दिवसाआड यायचा, तेव्हा कोथिंबीर पेलाभर पाण्यात बुचकळायची, जुडी पिंजऱ्यात ठेवायची आणि पेल्यातल्या पाण्यानं फरशी पुसायची. बद्रीनाथ एकदा म्हणाला, "मला बी एक जुडी आण. मी पण त्याच्यातच करतो आंघोळ."

अडचण आंघोळीची नव्हती, झोपेची होती. बद्रीनाथ एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर ऑपरेटर होता. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी घरी यायचा, खायचा आणि पंख्याखाली आडवा व्हायचा, आणि नेमकं त्याच वेळी सुपरवायझरच्या अंगात यायचं. प्रेसवर डुलकी लागली तर काय होतं, हे त्या रांगेत सांगावं लागत नव्हतं. शेवटच्या खोलीतला सांडू उरलेल्या दोन बोटांत चहाचा कप कसा धरतो, हे सगळ्यांनी बघितलेलं होतं. अंबिका ते रोज बघायची.

म्हणून तिनं उपाय काढला. बद्रीनाथ झोपला की पिंजऱ्यावर जाड निळी चादर टाकायची. आत अंधार झाला की सुपरवायझर रात्र समजून गप्प. रात्री नवरा जायला निघाला की चादर काढायची, ट्यूब लावायची, की सुपरवायझरचा दिवस सुरू. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट असली की उलट. त्याच्या पुढच्या आठवड्यात सेकंड, तर अर्धं असं आणि अर्धं तसं. पक्ष्याची ड्यूटी नवऱ्याच्या ड्यूटीबरोबर फिरू लागली. शेजारच्या बायका बघायला येऊन गेल्या. बद्रीनाथही खूश होता.

"आता ह्याचा पगार चालू करावा लागतो," तो म्हणाला.

अंबिकाला हे आपल्याला सुचल्याचा थोडा अभिमानच वाटला. बी.ए.ला मानसशास्त्र होतं तिला.

मार्च संपता संपता सुपरवायझरच्या छातीवर टक्कल पडलं. पिसं फुगवून तो दांडीवर एका जागी बसू लागला. बाजरी टिपायचा आणि मध्येच विसरायचा. मग त्याचं ओरडणं थांबलं. पहिल्या दिवशी बद्रीनाथला लई बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी झोपायच्या आधी तोच पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. "काय झालं रे तुला," म्हणाला, आणि पक्ष्यानं उत्तर दिलं नाही म्हणून जरा वेळ तिथंच थांबला.

सईनं विचारलं, "हा मरणार आहे का?"

"नाही," अंबिका म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली, त्यानं सई रडायला लागली.

बद्रीनाथ झोपला तशी अंबिका पिंजरा मांडीवर घेऊन शेअर रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथं आवारात हाडं मोजता येतील अशा गाई उभ्या होत्या आणि देवेश नावाचा तरुण डॉक्टर कोपरापर्यंत हात भरलेले घेऊन त्यांच्यामधून फिरत होता. हात धुऊन आला आणि त्यानं पिंजऱ्यात बघितलं.

"ताई, हे माझं काम नाही. मी गाईम्हशींचा."

"दुसरं कुणी आहे का जवळ?"

"नाही," डॉक्टर म्हणाला आणि बसला. "खातो काय?"

अंबिकानं सगळं सांगितलं, समुद्रफेसासकट. डॉक्टर मान हलवत लिहीत राहिला.

"झोपतो किती वाजता?"

"कोणत्या आठवड्यात?"

डॉक्टरनं वर बघितलं. मग तिनं शिफ्टचं सांगितलं, चादरीचं सांगितलं, ट्यूबचं सांगितलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे या आठवड्यात हा..."

"थर्डला आहे."

"आणि पुढच्या?"

"फर्स्ट."

डॉक्टरनं पिंजरा जवळ ओढला. मग म्हणाला, "पाखरांचं मला फार कळत नाही. पण एवढं सांगतो. दिवसा जागणाऱ्या कुठल्याही जिवाला झोप रोज एकाच वेळी लागते, आणि ती रात्रीच लागते. दर आठवड्याला दिवसाची रात्र केली की अंगाला कळेनासं होतं, खायचं कधी आणि पिसं टाकायची कधी. थेंब लिहून देतो. पण थेंबांनी भागणार नाही. याची शिफ्ट बंद करा. नाहीतर हा राहत नाही."

अंबिका उठली आणि परत बसली. "आणि माणूस?"

"माणसाचं माणसांच्या डॉक्टरला विचारा," डॉक्टर म्हणाला. मग विचारलं, "मालक किती वर्षं आहेत शिफ्टला?"

"अकरा."

डॉक्टरनं थेंबांची चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली आणि गाईंकडे गेला.

परतीच्या रिक्षात तिनं सरळ विचार केला. चादर टाकली तर पक्षी जातो. नाही टाकली तर नवऱ्याची झोप जाते, आणि झोपेबरोबर काय जाऊ शकतं ते सांडूच्या हाताला दिसतंच. खोली एकच. तेव्हा दोघांतला एक जण दिवसा खोलीबाहेर असला पाहिजे, आणि पंखा बाहेर नेता येत नाही. नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो विचार करत जागा राहिला असता.

दुसऱ्या दिवशी टँकर होता. कडुलिंबाखालून रस्त्यापर्यंत हंडे, डबे, प्लास्टिकचे कॅन रांगेत लागलेले. तिथला रिवाज असा, की नंबर माणसाचा नसतो, भांड्याचा असतो. भांडं रांगेत ठेवलं की बाईनं कुठंही बसावं. अंबिकानं आपले दोन कॅन लावले आणि सावली तिथंच पडली होती म्हणून पिंजराही कॅनमागे ठेवला.

तिच्या मागच्या नंबरच्या आशाबाई उठल्या. "हे काय? पिंजरा नंबरात कशाला?"

"नंबराला नाही. सावली आहे इथं."

"मग सावली हाय म्हणून मी बी खाट आणून टाकू का?"

बायका हसल्या. वाद केसरबाईंकडे गेला. केसरबाई आप्पासाहेबांच्या चुलती, रांगेतलं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्या गुडघ्यावर हात ठेवत आल्या.

"नंबर भांड्याला असतो," त्या म्हणाल्या.

"मग पिंजरा भांडं हाय का?" आशाबाईंनी विचारलं.

केसरबाई वाकल्या, पिंजऱ्यात बघितलं, चष्मा सावरून परत बघितलं. "आत वाटी हाय. वाटी भांडं हाय. वाटीला नंबर हाय. पण पाणी मिळंल ते वाटीभरच."

निकाल लागला. टँकरवाल्यानं पाइप धरला, कॅन भरले, आणि सुपरवायझरचा नंबर आला तेव्हा केसरबाईंच्या देखत वाटी भरून दिली. मग आशाबाईंची घागर लावली.

त्या दिवसापासून बद्रीनाथ दिवसा झोपला की अंबिका पिंजरा घेऊन कडुलिंबाखाली. टँकर असो वा नसो. संध्याकाळी अंधार पडला की चादर, उजाडलं की चादर बाजूला. सेकंड शिफ्टहून बद्रीनाथ मध्यरात्री आला तर त्यानं अंधारात जेवायचं. तो विचारायचा, "लाइट गेली का?" आणि ती म्हणायची, "डोळ्यांना त्रास होतो." तेव्हा त्याला वाटलं, हिला चष्मा लागला.

आठ-दहा दिवस काही फरक पडला नाही. मग टक्कल पडलेल्या जागी काट्यांसारखी बारीक पिसं फुटू लागली. एका सकाळी टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला आणि सुपरवायझर त्याच्यावर ओरडला. केसरबाई म्हणाल्या, "आता वाचला. भांडायला लागला म्हंजी वाचला."

एप्रिलच्या शेवटी मात्र झाडाखालीसुद्धा झळा लागायच्या. अंबिका ओला रुमाल पिंजऱ्यावर टाकायची. रुमाल एकच होता. एका दुपारी ती सईला हाक मारायला उठली आणि खालीच बसली. डोळे उघडले तेव्हा ती आपल्याच खोलीत होती, आशाबाई कांदा हुंगवत होत्या आणि केसरबाई दारात उभं राहून बद्रीनाथशी बोलत होत्या.

"बायको उन्हात, पाखरू सावलीत आणि तू पंख्याखाली. बरं चाललंय तुझं."

"मला काय माहीत? मी झोपलेलो व्हतो."

"तेच म्हणते मी," केसरबाई म्हणाल्या आणि आशाबाईंना घेऊन गेल्या.

बद्रीनाथनं माठातलं पाणी दिलं. पिंजरा जागेवर टांगला. सुपरवायझर त्याच्यावर ओरडला.

"रोज बसायलीस तिथं?"

"हो."

"मला का नाय सांगितलं?"

"तुमची झोप गेली असती."

मग तिनं डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. अंगाला कळेनासं होतं ते, थेंबांनी भागणार नाही ते, आणि आपण माणसाचं विचारलं ते.

"डॉक्टर कुणाचा व्हता?"

"जनावरांचा."

"मग बरोबर हाय," बद्रीनाथ म्हणाला. तो परत आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. झोपला मात्र नाही. त्याच्या पाठीवरून तिला ते कळत होतं.

पुढच्या शनिवारी तो घरी आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "सोमवारपासून स्टोअरला."

"स्टोअरला म्हणजे?"

"खोकी. आली किती, गेली किती. जनरल शिफ्ट. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं."

अंबिकाला आनंद व्हायला हवा होता. आधी भीतीच वाटली. अकरा वर्षं त्याची ओळख ऑपरेटर म्हणून होती. गावाकडंही भाऊबंद त्याला तेच म्हणायचे. "तुम्हाला काढलं प्रेसवरून?"

"मी मागितलं."

"आणि त्यांनी दिलं?"

"कंपनीचं बी पाणी कापलंय. थर्डला माणसं कमीच करायलेत. नाइटचा भत्ता सोडतो म्हणल्यावर लगेच दिलं."

"कारण काय सांगितलं?"

"घरात आजारपण हाय म्हणलं. रात्री घरी राहावं लागतं."

"कोण आजारी, विचारलं नाही?"

बद्रीनाथनं शर्ट खुंटीला लावला. "नाव नाय विचारलं त्यांनी."

सोमवारी तो सहाच्या आसपास घरी आला. दिवस मावळला, अंबिकानं पिंजऱ्यावर चादर टाकली. आत जरा खुडखुड झाली आणि थांबली. जेवणं झाली, अंथरुणं पडली. बद्रीनाथ छताकडे बघत पडला होता.

"झोप येत नाही का?" तिनं विचारलं.

"नाय."

"डोकं दुखतं का? छातीत काही होतं का?"

"काय नाय होत. ह्याला पिसं यायला किती दिवस लागले?"

"पंधरा-वीस. पण तो एक-दोन महिनेच शिफ्टला होता."

"मग मला वेळ लागंल," तो म्हणाला. "स्टोअरमध्ये आज एक जण म्हणाला, ऑपरेटर, इकडं कसं काय? मी म्हणलं..."

मध्ये झोपलेल्या सईनं डोळे न उघडता हात वर केला.

"हळू बोला. तो झोपलाय."

बद्रीनाथनं हात लांब करून झिरोचा बल्बही बंद केला.