एकलहऱ्याच्या वाटेवर उचललेली गाडी

त्या वर्षी आमच्या शाखेची दर्शनी काच दोनदा फुटली. पहिल्यांदा फ्रीजचे हप्ते थकलेल्या एका माणसाने खुर्ची उचलून फेकली. दुसऱ्यांदा कुणी फोडली ते कळलंच नाही. सकाळी शटर वर केलं तर टोकन मशिनजवळ दगड पडलेला.

टाळेबंदी उठून वर्ष झालं होतं, पण अंबड-सातपूरच्या कितीतरी कंपन्यांत तिसरी पाळी परत सुरू झाली नव्हती. मी नाशिकरोडला एका खासगी बँकेत वसुली अधिकारी होतो. दर सोमवारी थकलेल्या हप्त्यांची यादी निघायची. पूर्वी ती दोन पानांत मावायची, आता स्टेपलरची पिन शेवटच्या पानापर्यंत पोचेना. यादी वाचता वाचता मला त्यातला क्रम कळायला लागला. आधी मोबाईल आणि टीव्हीचे हप्ते थकायचे, मग पर्सनल लोन, मग दुचाकी. घराचा हप्ता लोक उसनवारी करून भरायचे. दुचाकी थकली, की घरातलं सोनं आधीच मोडून झालंय असं समजायचं.

वसुलीचं काम बँकेने एका एजन्सीकडे दिलं होतं. त्यांची दोन माणसं माझ्या पार्टिशनच्या पलीकडे बसून फोन करायची. एक धिप्पाड, तालमीत घडलेला. दुसरा किडकिडीत, पण आवाज असा की पत्र्यावर खिळा ओढावा. "पोरगी कुठल्या शाळेत जाते तुझी? गेटवर येऊन उभा राहतो उद्या," असं तो म्हणायचा आणि मी इकडे चहा प्यायचो. मी त्यांना कधी थांबवलं नाही. वसुली झाली की माझंच नाव वर जायचं.

मार्चअखेर जवळ आली तसं मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "या आठवड्यात गाड्या उचला. तुम्ही नुसते बरोबर जा. बँकेचा माणूस दिसला की लोक नरम पडतात."

पहिलीच गाडी एकलहऱ्याच्या वाटेवरच्या एका वस्तीत होती. कर्जदार अंबडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचा. कंत्राट संपलं म्हणून त्याला कमी केलं होतं आणि आता तो त्याच मोटारसायकलवर हॉटेलची पार्सलं पोचवत होता. चार हप्ते थकले होते.

एजन्सीची ती दोघं आणि मी सकाळी आठला पोचलो. गाडी दारातच उभी होती. त्याची बायको नळाजवळच्या दगडावर धुणं धूत होती आणि सात-आठ वर्षांची मुलगी शाळेच्या कपड्यांत पायरीवर बसून चहात पाव बुडवत होती. किडकिडीत गडी कुणाला काही न विचारता गाडीजवळ गेला आणि हँडल लॉक तोडायला लागला.

"ओ दादा, गाडीला हात नका लावू," बाई ओरडली. "ते आंघोळ करून राहिले. येऊ तरी द्या त्यांना."

तो ओल्या अंगाने, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याने मला बरोबर ओळखलं, कारण वसुलीत येण्याआधी कर्जाच्या कागदांवर त्याच्या सह्या मीच घेतल्या होत्या. "साहेब, आठ दिवस द्या. गाडी गेली तर काम जातं. मग कुठून भरू?"

मी म्हणालो, "ते आता माझ्या हातात नाही." खरं तर होतं. आठ दिवसांची मुदत मी देऊ शकत होतो.

तो पुढे येऊन हँडलला धरून उभा राहिला. तेव्हा धिप्पाडाने त्याच्या कानशिलात मारली. मुलीसमोर, शेजाऱ्यांसमोर. कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी तेवढी झाली. मुलीच्या हातातला पाव खाली पडला. तो माणूस घरात गेला आणि बाहेर आला तो हातात मोठा पाना घेऊन. पहिला घाव धिप्पाडाच्या डोक्यात बसला. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यांवर उतरलं. दुसरा घाव घालायच्या आत किडकिडीताने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघांनी त्याला खाली पाडलं. धिप्पाडाने त्याचा उजवा हात जमिनीवर धरला आणि मनगटावर बुटाची टाच दिली. एकदा नाही, तीनदा.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी "पुरे, पुरे" म्हणत होतो, पण जागचा हललो नव्हतो. एवढ्यात माझ्या डाव्या कानावर काहीतरी आदळलं. त्या बाईने धोपाटणं उचललं होतं. "तू आणलं यांना! तू आणलं!" ती पुन्हा मारायला आली तेव्हा मी दोन्ही हातांनी तिला ढकललं. अडवायला म्हणून नव्हे. मला राग आला होता आणि ती पडावी असंच मला वाटलं. ती धुण्याच्या दगडावर तोंडावर पडली. उठली तेव्हा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात नव्हता.

शेजारची माणसं काठ्या घेऊन धावली, तसे आम्ही पळालो. किडकिडीताने तेवढ्यात गाडी चालू करून नेलीच.

पोलीस ठाण्यात मॅनेजर माझ्या आधी येऊन बसले होते. जबाब जवळजवळ तयार होता: कर्जदाराने हत्याराने हल्ला केला, झटापटीत तो पडला, त्याची पत्नी पाय घसरून पडली. मी सही केली. घरी बायकोने कानाची सूज बघून विचारलं, तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. तो माणूस मोडक्या हाताने चार दिवस कोठडीत होता.

तीन महिन्यांनी वकिलांनी तडजोड ठरवली. बँक उरलेलं कर्ज सोडणार, दोन्हीकडच्यांनी तक्रारी मागे घ्यायच्या. गाडीचा लिलाव तोवर झाला होता. वकिलांच्या ऑफिसात ती दोघं समोर बसली. त्याचं मनगट वाकडंच जुळलं होतं. ती सगळा वेळ तोंडाला पदर लावून होती. कागद पुढे सरकवला तेव्हा तिने पदर काढला.

"यात लिहिलं का मी घसरून पडली?"

"जुना जबाब आहे तो," वकील म्हणाले.

"मी नाय घसरली. या माणसानं ढकललं मला. त्याला बोलू द्या एकदा, मग अंगठा घ्या नायतर सही घ्या."

मॅनेजरने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मी म्हणालो, "हो. मी ढकललं. जोरात ढकललं."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं ती थुंकणार. थुंकली नाही. सही करून उठली. नवरा जाता जाता म्हणाला, "त्या दिवशी बोलले असते तर मी कोठडीत नसतो, साहेब." डाव्या हाताने त्याने दार ओढून घेतलं.

महिनाभरात माझी बदली गंगापूर रोडच्या शाखेत झाली, पासबुकं छापायच्या काउंटरवर. मॅनेजरने ती शिक्षा म्हणून दिली आणि मी मुकाट घेतली. बदलीचा कागद हातात आला त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माझ्या जागी एक नवा अधिकारी आला. थकबाकीची यादी वाढतच होती. दिवाळीच्या आधी वणीकडच्या एका गावात तो गाडी उचलायला गेला आणि लोकांनी त्याला विजेच्या खांबाला बांधून बडवलं. मी त्याला बघायला दवाखान्यात गेलो. दोन बरगड्या मोडल्या होत्या, श्वास घेताना कण्हत होता. "जनावरं आहेत साली," तो म्हणाला.

"मारामारी सुरू कुणी केली?" मी विचारलं.

त्याने सलाईनची नळी अंगावरून बाजूला केली. मग म्हणाला, "आमच्यातल्याने. गाडीवाल्याच्या म्हाताऱ्या बापाला मारलं आधी."

"जबाबात लिहिलंस?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मी नेलेली मोसंबी टेबलावर ठेवली आणि तिथेच स्टुलावर बसून राहिलो.