बाइंडरची खळ

वीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या खळीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. त्या आठवड्यात मात्र बायकोने तीन पातेली ओतून टाकायला लावली. "नासलीय," एवढं म्हणून ती तोंड दाबून मोरीकडे पळायची. त्याने मैदा बदलला, पातेलं घासून लख्ख केलं, वाण्याशी हुज्जतही घातली. शेवटी त्याची आई वैतागली. "मैद्याच्या काय मागे लागलायस? तिला डॉक्टरकडे ने."

दुसरा महिना निघाला. वास सोसवणार नाहीत, दिवसाही झोप येईल, पण तिसरा महिना सरला की बहुतेकींना बरं वाटतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरी येताच बायकोने बजावलं, "तोवर कुणाला पत्ता लागता कामा नये."

"मी कशाला बोलतोय," तो म्हणाला.

माणूस शब्दाचा पक्का, एक अक्षर बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी शेगडी उचलून रस्त्यापलीकडे नेली आणि तिथे उकिडवा बसून, सारखा घराच्या दाराकडे बघत, खळ शिजवू लागला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार बायका तिला सांगून गेल्या, "पायऱ्या जपून उतर गं."