डब्याला शिवलेलं कव्हर

आमच्या घरात उघडी वस्तू म्हणजे फक्त मी. मिक्सरला कव्हर, टीव्हीला झालरीचं कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोट तर प्लास्टिकमध्येच जन्मला आणि प्लास्टिकमध्येच मरणार. सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक आम्ही काढलेलंच नाही. उन्हाळ्यात पाहुणा उठला की सोफाही थोडा त्याच्याबरोबर उठतो. आमच्या अंजूरकडच्या सगळ्याच घरांत हे असं चालतं, पण माझ्या बायकोच्या हातात शिलाई मशीन आहे. म्हणजे सैन्य आणि दारूगोळा दोन्ही एकाच ठिकाणी.

मी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात डिस्पॅच बघतो. औषधं, लसी, थंड ठेवावा लागणारा माल. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, स्वतःची थंड गाडी चालवतो. गेल्या वर्षी त्याला आमच्याच गोदामातून पार हिमालयातल्या एका दवाखान्याचा माल मिळाला. तो खूश, मी खूश, बायकोचा मात्र चेहरा उतरलेला.

"तिथं फोन लागतो का?" तिने विचारलं.

"फोन न्हाय लागला तरी गाडी बोलते," मेहुणा म्हणाला आणि केबिनच्या टपावर थाप मारली. तिथे जेवणाच्या डब्याएवढा एक पांढरा डबा बसवला होता. रेंज असेल तिथे तो मोबाइलवरून खबर देतो. रेंज संपली की थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलतो. गाडी कुठे आहे, माल किती थंड आहे, सगळं माझ्या फोनवर. नकाशावर एक हिरवा ठिपका चालतो, तोच आपला मेहुणा.

बायकोने त्या ठिपक्यावर डोळे लावले ते काढलेच नाहीत. पोळी लाटताना एक हात पोळपाटावर, एक फोनवर. ठिपका जेवायला थांबला की हीही जेवायची. "हिकडं काय एवढा वेळ थांबला?" असं ती माझ्या फोनला विचारायची, मला नाही.

मग डोंगर लागले आणि एका दुपारी ठिपका करडा झाला. नदीच्या काठाने जाणारा रस्ता, त्याच्या एका आडव्या वळणावर, तिथेच थिजलेला.

"होतं असं," मी म्हणालो. माझा आवाज मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशीही ठिपका तिथेच. टीव्हीवर त्याच भागात दरड कोसळल्याची बातमी. बायकोने फोन माझ्यासमोर धरला. शेवटच्या नोंदीत लिहिलं होतं, माल चार अंशांवर.

"औषधं थंड हायत ते कळतं," ती म्हणाली. "माझा भाऊ कसा हाय ते न्हाय कळत? काय कामाचा हा डबा?"

मी एरवी गोदामातल्या चहाच्या टेबलावर नाटक करून दाखवणारा माणूस. साहेबांची नक्कल करतो, हमालांच्या भांडणात दोन्ही बाजू बोलतो. त्या दिवशी मी चहा सोडून नुसता तो करडा ठिपका बघत होतो. गाडी मीच भरून दिली होती, आणि दर वेळी डोळ्यांसमोर ते वळण येत होतं, खाली नदी.

डबा बसवणाऱ्या कंपनीत फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी, तिथली इंजिनिअर. फोन मी स्पीकरवर टाकला. ती शांतपणे एकेक विचारत गेली.

"काका, दरडीमुळे डबा बंद पडत नाही. रांगेत उभी गाडीसुद्धा खबर देते. त्याला फक्त वरचं आकाश उघडं लागतं. टपावर काही ठेवलंय का? पत्रा? चंदेरी कागदासारखं काही?"

"छे," मी म्हणालो.

बायको मटकन सोफ्यावर बसली. प्लास्टिक चरचरलं.

"अहो," ती म्हणाली, "मी त्याला कव्हर दिलंय."

"कुणाला?"

"डब्याला! तिकडं बर्फ पडतो. नवी वस्तू, उघडी कशी टाकायची? थंडी लागली की घाल त्याला, म्हटलं."

मी गोदामातून आणलेली जाड चंदेरी शीट, थंड मालाच्या खोक्यांना गुंडाळतात ती, तिने कापून, कडेला इलॅस्टिक लावून, डब्याच्या मापाचं टोपडं शिवलं होतं. इंजिनिअरने हे सगळं स्पीकरवरून ऐकलं. मग म्हणाली, "काकू, एवढं छान झाकलं तर उपग्रहाला तो दिसणार कसा?"

मी हसलो. भीतीने हसू जरा मोठंच आलं. बायको हसली नाही.

"म्हंजे तो ठीक हाय ना?"

"काकू, डबा गप्प का, ते कळलं," ती मुलगी हळू म्हणाली. "बाकीचं मी नाही सांगू शकत."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. कव्हर काढ, हे मेहुण्याला सांगायचं कसं? त्याचा फोन लागत नव्हता, आणि बोलणाऱ्या डब्याचं तोंड आम्हीच बांधलं होतं. बायको मशीनसमोर जाऊन बसली. शिवलं काहीच नाही, नुसतं चाक फिरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन टिंग टिंग टिंग करत सुटला. डब्याने साठवून ठेवलेली सगळी तापमानं धडाधड ओतली. ठिपका हिरवा झाला, आणि ते वळण मागे टाकून तो पार पुढच्या गावाजवळ होता! मी गोदामातच ओरडलो, आणि हमालांनी कामं टाकली. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "गाडी पुढं गेली ते कळलं. गाडी कोन चालवतोय ते सांगा."

संध्याकाळी त्या गावातून फोन आला. "दाजी, दरडीमागं अडकलो होतो. कान असले गार पडले, काय सांगू! आज रस्ता उघडला तरी गारठा जाईना, शेवटी या गावाजवळ तायचं ते कव्हर डब्यावरनं काढून डोक्यावर चढवलं. मस्त बसतंय. लोक बघतायत, बघू दे."

बायकोने फोन ओढून घेतला. आता शिव्या देणार, असं मला वाटलं.

"काढू नको," ती म्हणाली. "घरी येईपर्यंत डोक्यावरच ठेव. आनि पुढं घाट हाय ना, हळू चालव."

फोन कटला, तरी ती फोन हातात धरून ठिपक्याकडे बघत होती. घाट अजून बाकी होता.