चिलीत नेमकं कुठे?

१९८५च्या मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, की चिलीत मोठा भूकंप झालाय. मी अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कपड्यांना इस्त्री करत होते. माझा नवरा चिलीतच होता. तो पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होता आणि एका तांब्याच्या खाणीत नवे पंप बसवायला गेला होता.

इस्त्री तशीच टाकून मी समोरचं दार ठोठावलं. तिथे चिलीची एक बाई एकटी राहायची. वयाने माझ्याहून मोठी, दातांच्या डॉक्टरकडे नोकरी करणारी. आमची ओळख जिन्यापुरतीच. एकदा ऐन थंडीत माझ्या पिशवीतली द्राक्षं बघून ती म्हणाली होती, "ही आमच्या देशातली. तिथे आत्ता उन्हाळा आहे."

तिचाही टीव्ही चालू होता.

"तुझा नवरा चिलीत नेमका कुठे आहे?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. माझ्यासाठी चिली म्हणजे चिली. तिने मला बसवलं आणि टेबलावर बोटाने एक लांबच लांब रेघ ओढली. एका अंगाला अँडीजचे डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे एवढीशी पट्टी. पण लांबीला आपल्या काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा जास्त. वरच्या टोकाला वाळवंट, तिथे काही ठिकाणी वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. सगळा देश ज्याच्यावर जगतो ते तांबं बहुतेक तिथलंच. खालच्या टोकाला बर्फ. भूकंप झाला होता मधल्या भागात.

"वाळवंटातल्या खाणीत असेल, तर त्याला काही झालं नसणार," ती म्हणाली.

मला जरा धीर आला. मग आठवलं, खाणीतलं काम संपवून तो आजच सान्तियागोला यायचा होता. उद्याचं परतीचं विमान तिथून होतं. मी तसं सांगितलं. तिने मघाच्या रेघेच्या मधोमध बोट टेकवलं. सान्तियागो मधल्या भागातच आहे हे तिने न सांगताच मला कळलं.

फोन लागेना. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. माझ्याच घरी बसून, माझ्या नावाने, स्पॅनिशमध्ये ऑपरेटरच्या विनवण्या करत राहिली. मी नुसती खिडकीपाशी उभी. दुपारी हॉटेल लागलं. तिने दोन-चार वाक्यं ऐकली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. सगळे सुखरूप होते. रात्र चौकात उघड्यावर काढली होती आणि आता माझा नवरा विमानाची चौकशी करायला गेला होता.

"आता माझ्यासाठी एक फोन कर," ती म्हणाली.

तिची आई सान अंतोनियोला राहायची. ज्या बंदरातून फळं बोटीवर चढतात, ते गाव. भूकंपाचा तडाखा तिथेच जबर बसला होता. ती कालपासून माझ्याशी बोलत होती, पण आईबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"मग तूच बोल ना. मला कुठे स्पॅनिश येतं?"

"मला नाही बोलता येणार. तिथे लष्कराचं राज्य आहे. माझ्या भावाला घरातून उचलून नेलं, तेव्हा मी पळून आले. हॉटेलचं निराळं, पण आमच्या गावातले फोन ऐकतात ते. माझा आवाज ओळखला, तर आईच्या दारात गाडी उभी राहील."

तिने मला एकच वाक्य शिकवलं: कोपऱ्यावरच्या बाई कशा आहेत? मी ते घोकलं. आईकडे फोन नव्हता, शेजारच्या औषधाच्या दुकानात होता. तो लागेपर्यंत अंधारून आलं. पलीकडे एक पुरुष होता. मी वाक्य म्हटलं. मग त्याने काहीतरी विचारलं. कोण बोलतंय, असं असावं. तिने माझं मनगट घट्ट धरलं. नवऱ्यासाठी वाटली ती भीती निराळी होती. आता वाटलं, माझ्या तोंडून एक शब्द चुकीचा गेला, तर तिकडे कुणाचा तरी जीव जाईल. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

तो सावकाश, बराच वेळ बोलला. ती रिसीव्हरच्या पाठीला कान लावून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कच्च्या विटांचं घर होतं, पडलं. आई अंगणात झाडांना पाणी घालत होती, म्हणून वाचली. आता त्याच्या दुकानामागे ताडपत्रीखाली आहे."

"मग रडतेस का?"

"शेवटी म्हणाला, तिला सांगा, येऊ नकोस."

फोनमागे तीच आहे, हे त्याने ओळखलं होतं. मग आणखी कुणी ओळखलं असेल का, हे आम्हा दोघींच्याही मनात आलं.

त्याच आठवड्यात माझा नवरा परत आला. त्याला मी सगळं सांगितलं, पण हळू आवाजात, आणि टेलिफोनपासून लांब उभी राहून. माझ्या या भीतीला तो हसला नाही. तिथली रात्र त्याने रस्त्यावर बंदुका घेऊन फिरणारे शिपाई बघत काढली होती.