विमानाच्या केबिनमधल्या दोन सीटा

ती फिर्याद आठवली की आजही माझं डोकं तापतं. राग आरोपीवर आहेच, पण त्याहून जास्त आमच्या पोलीस ठाण्यावर आहे.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी खोगीर शिवणारे एक वयस्कर चाचा. त्यांच्या बायकोला काचबिंदू, नजर रोज थोडी जात होती. डोळे आहेत तोवर मक्का बघायची, एवढीच तिची इच्छा. एका एजंटाने पैसे आणि दोघांचे पासपोर्ट घेतले. म्हणाला, "विमान फुल आहे, पण पायलटच्या केबिनमध्ये दोन सीटा देतो. समोरच काच, चाचीला सगळं दिसेल." ठरलेला दिवस उलटला आणि एजंट गायब झाला.

चाचा ठाण्यात आले, तर ठाणे अंमलदार खदखदून हसला. "चाचा, इमान काय काळी-पिवळी शे का? डायवरना बाजूले बसाडतीन तुमले?"

"भाऊ, जीपमा मी जनमभर डायवरना बाजूलेच बसनू. ज्यानी वळख त्याले जागा भेटस. इमानमा नही भेटत, हाई मले कोन सांगी?"

मी दीड महिना प्रशिक्षणाला बाहेर होतो, त्याच दिवशी परतलो. त्या काळात त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. स्टेशन डायरीत एक ओळ नाही! आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या बापालाही कचेरीत असेच हसले होते, ते हसू मी बरोबर ओळखतो. अंमलदाराला खुर्चीवरून उठवलं, चाचांना तिथे बसवलं आणि फिर्याद स्वतः लिहून घेतली.

चौथ्या दिवशी खबर एका जीपवाल्याने दिली. कळसाडी फाट्यावर एक जण मोबाईलवर फोटो दाखवून केबिनच्या सीटा विकतोय. साध्या कपड्यात जाऊन उचलला. पदवीधर निघाला. माझ्यासारखाच. त्यामुळे माझा संताप आणखी वाढला.

"साहेब, मी स्वतः केबिनमध्ये बसून आलोय. हा बघा फोटो."

मी आधीच विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारलं होतं. उडत्या विमानात त्या खोलीचं दार आतून बंद असतं. जादा सीट असते, पण ती परवानगी असलेल्या कर्मचाऱ्यांना आणि तपासनीसांना. सामान्य प्रवाशाला नाही, कितीही ओळख असो. मी फोटो मोठा करून त्याच्यासमोर धरला. काचेबाहेर शिडी होती आणि शिडीजवळ झाडूवाला.

"आकाशात झाडू मारतात का रे?"

मग त्याने कबूल केलं. विमान उतरल्यावर, सगळे प्रवासी गेल्यावर, वैमानिकाच्या हातापाया पडून त्याने तो फोटो काढला होता. पंचांसमक्ष घरझडती घेतली, तेव्हा पिठाच्या डब्यात पासपोर्ट सापडले. चाचांसारख्या आणखी काही जणांचेही.

कोर्टाच्या आदेशाने पासपोर्ट आणि जप्त झालेले पैसे मिळायला आणखी वेळ गेला. शेवटी चाचा-चाची साध्या सीटवर बसून जाऊन आले.

अडाणी म्हणून आम्ही त्यांना हसलो. त्यांचं जीपचं ज्ञान पक्कं होतं, एजंटाने त्याचाच फायदा घेतला. विमानाचा नियम तर फोन करेपर्यंत मलाही ठाऊक नव्हता.

चाचा खजूर घेऊन ठाण्यात आले. पहिला खजूर त्याच अंमलदाराच्या हातावर ठेवला.

"भाऊ, केबिननं दार बंदच व्हतं. मी देखी उनू." मग माझ्याकडे वळले. "साहेब, तिना एक डोया पहिलेच गया. पन दुसराघाई तिनी काबा देखा."

तो पहिला डोळा आमच्या त्या दीड महिन्यात गेला. अंमलदाराने खजूर तोंडात घातला नाही. मीही नाही.