औषध लावलेली ज्वारी

नागपूरहून निघालेली बस बोथच्या फाट्यावर थांबली तेव्हा ऊन वर आलं होतं. याच बोथमध्ये मी कित्येक वर्षं बियाण्यांचं दुकान चालवलं. या खेपेला काशिनाथच्या शेतावर जायचं होतं, खरं सांगायला.

ऑटोतून दोन्हीकडे कापसाची वेचणी दिसत होती. धुरे (बांध) बोडके होते. काशिनाथच्या धुऱ्यावर मात्र बोरी-बाभळी दाटलेल्या, आणि कापसात मधेमधे ज्वारीची न कापलेली तासं (ओळी). कणसांवर सुगरणी लोंबकळत होत्या. बोरीखालून तित्तर ओरडला.

शेजारच्या गावचे पाच-सहा शेतकरी शेत पाहायला आले होते. काशिनाथ त्यांना सांगत होता, "हे तासं पाखरांसाठी सोडले. थे कापसावरच्या अळ्याबी टिपतात. आमी फवारा कमी करून राह्यलो."

"पाखरमाऱ्या पाखरं पोसून राह्यला!" एकजण म्हणाला. सगळे हसले. सवयीनं काशिनाथही हसला.

मी पुढे झालो. "पाखरं यानं मारली नाहीत," मी म्हणालो. "दुकानात आम्ही विषाला औषधच म्हणायचो. विष म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं. मी याला 'औषध लावलेली' ज्वारी दिली. पेरून उरलेली यानं अंगणात पाखरांना टाकली. औषध आहे, पाखरांना चांगलंच, असं याला वाटलं. पाखरं मेली. पीक खातात म्हणून यानं मुद्दाम मारली, असं गाव म्हणालं, याला पाखरमाऱ्या म्हणू लागलं. 'खरं काय ते सांगा' म्हणून हा माझ्याकडे आला, तेव्हा मी म्हणालो, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं."

काशिनाथ खाली बसला. त्याची बायको गंगाबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"शेटजी, इतके वर्स काऊन मूग गिळून बसले होते?"

तिनं भाकरीवर आंबाडीची भाजी वाढली. "जेवा. औषध नाही लावलं."

जेवणं झाल्यावर काशिनाथ म्हणाला, "इथं सांगतलं, बरं केलं. आता पारावर चला. नाव तिथं पडलं होतं." गेलो. मोठ्यानं सांगितलं. दोघातिघांनी माना खाली घातल्या.

परतताना ऑटोवाल्यानं विचारलं, "पाखरमाऱ्याकडून आले काय, बाबा?"

"काशिनाथकडून," मी म्हणालो, आणि फाटा येईपर्यंत त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पारावर एकदा बोलून भागणार नव्हतं, हे मला ऑटोतच कळलं. माझ्या दुकानात ज्यांनी ते नाव ऐकलं, त्यांनी हे वाचून पुढं सांगावं.