अप्पांची शेवटची जोड

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तालमीतल्या मातीसारखे ते अंगाला लागून घरी येतात. आमच्या खजुरीच्या तालमीचे तर विचारूच नका. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथले वस्ताद. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. मला वाढवलं अप्पांनी आणि त्यांच्या पैलवानांनी. तरी शेजारी कुणी मांडीवर शड्डू ठोकला की मी आजही दचकते!

*

शाळेत जाताना वेणी अप्पाच घालायचे. गाठ मात्र लंगोटाची! संध्याकाळी ती सोडवायला शिवण्णा पैलवानाला बोलवावं लागायचं.

*

पालकसभेत बाई हळूच म्हणाल्या, "मुलगी फार घाबरते हो. घरी कुणी रागावतं का?"

दाराएवढे रुंद अप्पा बाकावर कसेबसे मावले होते. म्हणाले, "ती मला रागावती की, बाई!"

*

मागच्या वर्षी कलबुर्गीच्या डॉक्टरांनी अप्पांना बजावलं, "हृदयाला झेपायचं नाही. कुस्ती बंद!" अप्पांनी मान डोलावली आणि जत्रेत उतरायचं ठरवलं. बोलून उपयोग नव्हता. मग मी कॉलेजवाली आयडिया काढली. बॉक्सिंगचा एक जुना इंग्रजी सिनेमा आहे. एकटा बाप, त्याचं लहान पोरगं. बाप शेवटची मॅच खेळतो आणि मरतो. तालमीतल्या टीव्हीवर तोच लावला. प्रत्येक बुक्कीला दचकत मी मराठीत सांगत होते.

शिवण्णा वैतागला. "कामून नुसतं बुक्क्या मारायलाय? कंबर धर की रे!"

"खाली माती न्हाई," दुसरा म्हणाला, "पाडंल कुठं बिचारा!"

शेवटी बाप गेला, पोरगं रडू लागलं आणि अख्खी तालीम मुसमुसायला लागली. मला वाटलं, जमलं! अप्पाही टॉवेलनं डोळे पुसत होते.

"अप्पा, काय कळलं?"

"जिंकला न्हवं गडी!"

दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या बैठका दुप्पट!

*

आमच्या जत्रेत रीत अशी, की पैलवान हात वर करून आखाड्याभोवती फिरतो. तो हात जो धरेल, त्याच्याशी जोड, म्हणजे कुस्ती, लागते. आणि जो पडला, म्हणजे ज्याचे दोन्ही खांदे मातीला टेकले, त्याला त्या दिवशी दुसरी कुस्ती नाही.

अप्पा फिरू लागले. हलगी कडाडली. कमठाण्याचा एक पंचविशीतला पैलवान उठून त्यांच्याकडे निघाला. पुढचं मला नीट आठवत नाही. चप्पल काढल्याचं तेवढं आठवतं. तो पोचायच्या आत अप्पांचा हात मी धरला होता.

लोक हसले, शिट्ट्या पडल्या. पंच म्हणाले, "अक्का, सोड हात. चेष्टा चाललीय व्हय?"

"रीत हाय न्हवं? मग लावा जोड!" माझाच आवाज ऐकून मी दचकले.

पंचांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा माझ्याकडे बघत होते. हलगीवाला थांबला.

मग अप्पा सावकाश मातीत बसले. आडवे झाले. एक खांदा टेकवला, मग दुसरा. आणि आभाळाकडे बघत हळूच म्हणाले,

"छातीवर हात ठेव की. पंच बघायलेत."